बासी ईदेचा माळशेज

आपल्या घरांत सहलीचा बेत बहुधा ईदेला धरूनच ठरतो. शाळेला सुट्टी, दुकानाला सुट्टी आणि पाहुण्यांची वर्दळही ओसरलेली, असा दिवस वर्षात एखादाच हाती लागतो, तो म्हणजे बासी ईदेचा. मुंबईकडची मंडळी चौपाटी नाहीतर अलिबाग-मुरुड गाठतात. आम्हा कल्याणकरांची गाडी घाटाकडे वळते. पण या बेतात एक गंमत आहे आणि ती चंद्राने केलेली आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येते. मराठी पंचांगही चंद्राचेच, पण त्यात दर तीन वर्षांच्या आसपास अधिक महिना घालून हिशेब जुळवून घेतात. म्हणून पाडवा वसंतातच येतो आणि दिवाळी पावसाळा सरल्यावरच. आपली ईद मात्र कधी शालीत, कधी घामात, तर कधी छत्रीखाली साजरी होते. 'ईदेला आपण तिकडे गेलो होतो' असे कोणी म्हणाले तर 'कोणत्या साली?' हे विचारल्याशिवाय त्या वाक्यावरून काहीच कळत नाही.

आमच्या घरच्या एका फोटोचे असेच झाले. २०१५ साली ईद १८ जुलैला, शनिवारी आली होती. दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे कुटुंब माळशेज घाटात गेले होते. रस्त्याला लागूनच कोसळणारा धबधबा, धुके, उलटी झालेली छत्री सावरणारी मुलांची फुफी आणि दादीच्या कडेवर तीन वर्षांची आमची थोरली, असा तो फोटो आहे. धाकटा तेव्हा जन्मलाही नव्हता. पण फोटोत आपण नाही याचे त्याला फार वाईट वाटते, आणि मोबाईलवर माळशेजच्या चित्रफिती पाहून ते दुःख वाढतच गेले. २०२५ च्या रमजानभर त्याचा एकच घोष होता, बासी ईदेला माळशेज.

त्या वर्षी ईद आली ३१ मार्चला. आदल्याच दिवशी गुढीपाडवा होता. आम्ही त्याला कॅलेंडर दाखवले, या दिवसांत धबधबा नसतो हेही सांगितले. दादी म्हणाली, "बेटा, धबधबा पावसाचा असतो, ईदेचा नाही." पण नऊ वर्षांच्या मुलाला फोटो जास्त खरा वाटतो. शिवाय गोवंडीहून फुफी तिच्या तीन मुलांसह आलेली होती, त्यांनीही त्याचीच बाजू धरली. शेवटी आम्ही ठरवले, जाऊ. पाणी नसलेला घाटही घाटच आहे. भाड्याने एक इको केली, बिर्याणीचे पातेले बांधले, किवामी शेवयांचा डबा घेतला आणि दादीच्या हट्टाने वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन जार मागच्या सीटपाशी ठेवले. फजरनंतर तासाभरात निघालो.

शहाड, वरप, कांबा मागे पडले की रायत्याचा पूल येतो. खाली उल्हास नदी भरपूर पाण्याने वाहत होती. धाकट्याने लगेच आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. खरे तर हे पाणी नदीचे स्वतःचे नसते. उन्हाळ्यात उल्हासला जे पाणी दिसते ते वरच्या धरणांतून, बारवीतून आणि आंध्रा धरणाच्या बाजूने, सोडलेले असते. कल्याणच्या आमच्या नळाला येते ते याच नदीचे. बारवीच्या जलाशयाखाली मुरबाड तालुक्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या आहेत, हे वर्गात शिकवायच्या पुस्तकात नसते. त्या पुलावर आम्ही एवढेच सांगितले की हे पाणी वरून सोडलेले आहे. पुढे दिवसभरात हा विषय आपोआप वाढत गेला.

मुरबाड, सरळगाव, टोकावडे. दारोदारी पाडव्याची रांगोळी अजून पुसली नव्हती. रस्ता रुंद झाल्यापासून या मार्गावर गाड्या सुसाट जातात. कल्याणहून नगरकडे जाणारी भाजीची आणि मालाची वाहतूक इथूनच होते. टोकावड्यानंतर शिवार बदलले. भाताची खाचरे कापणीनंतर उघडी पडलेली, मातीला भेगा. जो ओढा येईल तो कोरडा, त्यात पांढरे-काळे गोटे. काही डोंगरउतारांवर वणव्याचे काळे पट्टे होते. सागाच्या झाडांवर एक पान नव्हते. मुले शांत होत गेली. मधूनच एखादा पळस दिसे, शेवटची केशरी फुले धरून उभा. मोहाच्या झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली होती. ड्रायव्हरभाऊ मुरबाडचाच. त्याने सांगितले की पहाटे बायका-मुले पडलेली फुले वेचतात, म्हणून झाडाखाली झाडून ठेवतात. फुले वाळवून ठेवतात, विकतात, पुढे बियांचे तेलही काढतात. दादीने "यांची दारूच होते ना?" असे विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "दादी, खायलाबी होतात. भूक लागली की कळतं."

वैशाखरे आले तेव्हा उजवीकडे नाणेघाटाचा 'नानाचा अंगठा' स्वच्छ दिसला. २०१५ च्या सहलीत आम्हाला यातले काहीच दिसले नव्हते, कारण सगळा सह्याद्री ढगात होता. हा भाग आम्हाला खरोखर आवडला आणि मुलांनाही गोष्ट सांगितल्यावर थोडी उत्सुकता आली. कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचे बंदर. खाडीत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर याच वाटेने नाणेघाट चढून जुन्नरला, तिथून पैठणकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि त्यात संख्या कोरलेल्या आहेत, भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी. वरच एक दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असे सांगतात. गणित नावडणाऱ्या थोरलीने "म्हणजे तेव्हाही आकडे होतेच" असा शेरा मारला.

पुढे मोरोशीचा भैरवगड भिंतीसारखा उभा आणि त्याच्या पुढे घाट सुरू.

घाटात आम्ही गाडी थांबवली तिथे पावसाळ्यात उभे राहायला जागा मिळत नाही. मक्याच्या कणसांच्या आणि चहाच्या टपऱ्यांचे बांबूचे सांगाडे तेवढे शिल्लक होते. कठड्यावर माकडे बसली होती, त्यांनी गाडी पाहिल्याबरोबर उठून यायला सुरुवात केली. धाकट्याने फोटो मोबाईलवर आणला होता. तो हातात धरून तो कड्याकडे बघत राहिला. फोटोत धबधबा होता ती जागा आम्ही शोधून काढली. कातळावर वरपासून खालपर्यंत काळपट, शेवाळ वाळून गेलेला एक लांब पट्टा होता. खाली कुंडासारख्या खळग्यात वाळलेली पाने आणि वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या. त्याने पट्ट्याला हात लावला. हात कोरडा. "इतकुसंही नाही?" असे म्हणून तो गाडीत जाऊन बसला. फुफीच्या धाकट्या मुलीने तर रडायलाच सुरुवात केली. तिने घरून टॉवेल आणला होता.

मोठ्या माणसांना अशा वेळी समजूत घालायची घाई होते. दादीने सगळ्यांना खजूर वाटले आणि म्हणाली, "थोडं बसू द्या त्यांना." आम्ही कड्याकडे पाहत उभे राहिलो. ऊन वर येत होते आणि समोरची भिंत एखाद्या वहीच्या कडेसारखी दिसत होती, थरावर थर. सह्याद्रीचा हा दगड लाव्ह्याचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर येत राहिला, एक थर थंड होऊन घट्ट झाला की त्यावर दुसरा. फळ्यावर आम्ही हे दरवर्षी काढतो, आडव्या रेघा मारून. पावसाळ्यात गवताने आणि ढगांनी झाकलेले ते थर आता उघडे, मोजता येतील असे समोर होते. थोरली मोजायला लागली, मग फुफीचा मोठा मुलगा. त्यांचे आकडे जुळेनात म्हणून वाद सुरू झाला, तेव्हा धाकटा गाडीतून उतरला.

या दगडाचा स्वभाव समजून घेतला की धबधबाही समजतो. हा बसाल्ट घट्ट असतो. भेगा आणि मुरमाचे थर सोडले तर पाणी आत मुरायला त्यात फारशी जागा नाही. इथे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कड्याच्या माथ्यावर त्याहूनही जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेला थेंब मुरण्याऐवजी पळतो. कड्यावरून पळतो तेव्हा आपण त्याला धबधबा म्हणतो आणि फोटो काढतो. पुढे तोच ओढ्यातून काळू नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातो. पाऊस थांबल्यावर मागे फारसे काही उरत नाही. ज्या कारणाने जुलैत धबधबा एवढा मोठा असतो, त्याच कारणाने एप्रिलमध्ये विहिरी आटतात. हे आम्ही मुलांना सांगितले खरे, पण सांगून झाले तेव्हा त्यांचे लक्ष माकडाने पळवलेल्या खजुराच्या डब्याकडे होते.

वर खुबी फाट्यापर्यंत जाऊन, पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाकडे लांबूनच बघून आम्ही परत फिरलो. फ्लेमिंगो पावसाळ्यात येतात. त्यांचेही चित्र मुलांनी पाहून ठेवलेले होते, तेही निसटले. घरी लवकर जायचे तर आला तोच रस्ता होता. पण एवढ्यावर दिवस संपवायचा नाही असे ठरवून सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला निघालो. भातसा धरणात तरी पाणी असणारच, हा हिशेब.

किन्हवलीच्या पुढे जोहरची वेळ झाली. मुख्य रस्ता सोडून थोडे आत, एका पाड्याजवळ मोठे आंब्याचे झाड दिसले, तिथे गाडी लावली. झाडापासून थोड्या अंतरावर विहीर होती. विहिरीच्या कठड्याभोवती हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे डबे आणि तेलाचे रिकामे पिंप अशी रांग लावलेली. बायका सावलीत बसून होत्या. भांड्यांची रांग होती, माणसांची नव्हती. कोणाचा हंडा कुठला हे सगळ्यांना ठाऊक. मुलांनी विहिरीत डोकावून पाहिले. तळाशी गढूळ डबके. पाड्यात नळाच्या तोट्याही बसवलेल्या होत्या, सिमेंटच्या ओट्यासकट. नळाची पाइपलाइन ज्या विहिरीवरून आणली होती तीच आटलेली, असे बायकांनी सांगितले.

"टँकर यायचाय," एक म्हातारी बाई म्हणाली. "काल यायचा होता. पाडव्याचा नाय आला, कालबी नाय. आता आज येईल."

टँकर आला की पाणी विहिरीत सोडतात आणि मग तिथून शेंदून घेतात. त्यामुळे ज्या बाईचा हात चपळ तिला दोन कळश्या जास्त, असा तो प्रकार. शहापूर तालुक्यात फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस येईपर्यंत कित्येक गाव-पाड्यांत हे असेच चालते. वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात बातमी येते, फोटोही दर वर्षी तसाच असतो. आपण पान उलटतो.

दादी म्हातारीशेजारी जाऊन बसली. दोघींचे वय सारखेच असावे. काही वेळाने म्हातारी उठून घरात गेली आणि तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. आम्ही अवघडलो. आमच्या गाडीत तीस लिटर पाणी होते आणि तिच्या घरी परवाचे उरलेले. पण दादीने जराही आढेवेढे न घेता तांब्या घेतला, बसून तीन घोटांत पाणी प्यायली आणि "अल्लाह तुला बरकत देवो, बाई" म्हणाली. नंतर गाडीत तिने सांगितले, "तिने दिलं ते परत केलं असतं तर तिला वाटलं असतं आपण तिच्या हातचं घेत नाही."

वजू आमच्या जारच्या पाण्याने झाला. त्या रांगेसमोर बसून वजू करताना कोणाला काही सांगावे लागले नाही. रसूलुल्लाह (सल्ल.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करीत, हे मुले मदरशात शिकलेली आहेत. घरी मात्र नळ सोडूनच वजू चालतो. त्या दिवशी एका लोट्यात एकेकाचा वजू झाला आणि धाकट्याच्या लोट्यात थोडे उरलेसुद्धा. ते त्याने आंब्याच्या बुंध्याशी ओतले.

जेवणे झाल्यावर आम्ही प्यायपुरते ठेवून बाकीचे पाणी म्हातारीच्या कळशीत ओतले. ती "कशाला, कशाला" म्हणाली नाही. कळशी भरली तशी उचलून घरात ठेवून आली. शेवयांचा डबाही तिने घेतला आणि आत काय आहे ते विचारून घेतले. "ईदेचं आहे," दादी म्हणाली. "आमचा परवाच पाडवा झाला," म्हातारी म्हणाली. धाकटा इतका वेळ गप्प होता. त्याने तिला विचारले, "आजी, इथे धबधबा आहे का?"

"पावसात ये. दाखवते तुला. ह्या उंबऱ्यापर्यंत पाणी येतं."

"मग ते पाणी जातं कुठे?"

"खाली," म्हातारी म्हणाली. "तुमच्याकडं."

टँकर आम्ही निघेपर्यंत आलेला नव्हता.

शहापूर ओलांडून भातसानगरच्या बाजूला वळलो. धरणाच्या भिंतीवर असे कोणालाही सोडत नाहीत. बागबगीचा, कारंजी, उघडे दरवाजे यांपैकी मुलांनी मनात धरलेले काही नव्हते. पण रस्त्याच्या एका वळणावरून जलाशय दिसला आणि गाडीत पहिल्यांदाच सगळे एकदम "अरे!" म्हणाले. दूरवर डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेले निळे पाणी. काठावर पाणी खाली गेल्याचा तांबूस मातीचा रुंद पट्टा होता, तरीही पाणी इतके की पलीकडचा काठ धूसर दिसत होता. धाकट्याने मोबाईल काढला, मग तसाच खिशात ठेवला आणि विचारले, "हे त्या आजीला का देत नाहीत?"

थोडा हिशेब सांगतो, कारण पुढचा अर्धा तास आम्ही गाडीत तोच करत होतो. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. त्यांची मिळून साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातसाची सुमारे ७ लाख १७ हजार. म्हणजे मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा या एका जलाशयाचा. इथून सोडलेले पाणी भातसा नदीतूनच वाहत जाते, भिवंडीजवळ पिसे येथे ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे मुंबईला पाठवतात. त्याच्या आधीपासून याच तालुक्यातले तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवते आहे. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. थोरलीने दहा हजार लिटरचा एक टँकर धरून भागाकार केला. रोजचे तीन लाख नव्वद हजार टँकर. त्या पाड्याला दोन दिवसांत एकही मिळाला नव्हता.

'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही. पण रागावून मोकळे होण्याइतके हे सोपेही नाही. धरण दरीत असते आणि पाडे वर, टेकड्यांच्या खांद्यावर विखुरलेले. दहा घरे इथे, पंधरा तिथे. खालचे पाणी वर चढवायचे तर पंप, वीज, जलवाहिनी आणि ते सगळे रोज चालवणारा माणूस लागतो. मुंबईकडे पाणी उताराने धावते, पाड्याकडे ते उचलावे लागते. धरणे बांधली तीच शहरासाठी. वाटेतल्या गावांचा विचार नंतर, जमले तसा झाला. धरणाच्या खालच्या अंगाला कालव्याच्या आधाराने काही शिवारे हिरवी दिसतात, तेवढीच.

आता शहापूरसाठी वेगळा मार्ग काढला आहे. घाटाच्या वर, इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणायचे. ते धरण उंचावर असल्यामुळे पाणी पंपाशिवाय, आपल्या वजनाने खाली येऊ शकते. शहापूर तालुक्यातली ९७ गावे आणि अडीचशेच्या वर पाडे त्या योजनेत धरलेले आहेत. योजना वर्षानुवर्षे बातम्यांत आहे. म्हातारीच्या पाड्यात तिचे नाव सगळ्यांना माहीत होते. मुरबाडची गोष्ट आणखी निराळी. तिथे काळू नदीवर महानगरासाठी आणखी एक मोठे धरण घालायचे ठरले, कामही सुरू झाले. गावकऱ्यांची बाजू घेऊन श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबवले. पण शहराची तहान वाढतेच आहे, त्यामुळे हा विषय पुन्हा पुन्हा वर येतो.

फुफी हे सगळे ऐकत होती. ती गोवंडीच्या एका वस्तीत राहते. ती म्हणाली, "मुंबईला एवढं पाणी जातं म्हणता, पण आमच्या गल्लीत पहाटे चार वाजता येतं आणि पाऊण तासात जातं. उन्हाळ्यात पंचवीस रुपये देऊन कॅन घेते मी." मग थोडे थांबून, "त्या बाईची रांग पाहून मला आमचीच आठवली. फक्त आमच्याकडे भांडणं जास्त." भातसाचे पाणी मुंबईत पोचते म्हणजे ते प्रत्येक मुंबईकराच्या घरात पोचते असे नाही, हे आमच्या हिशेबात आलेच नव्हते. थोरलीने भागाकाराचा कागद तसाच घडी घालून ठेवला.

परतताना वाशिंद, पडघा मागे टाकत महामार्गाने आलो. मगरिबपर्यंत घरी. दुसऱ्या दिवशी धाकट्याला सहलीचे चित्र काढायला सांगितले तर त्याने धबधबाच काढला, निळ्याशार रंगाचा. बाजूला विहीर आणि भांड्यांची रांग मात्र काढली होती, आणि रांगेत माणसे नव्हती. ते त्याने बरोबर लक्षात ठेवले होते.

दादीला आम्ही विचारले, ईद या दिवसांत पूर्वी कधी आली होती? तिने बोटांवर मोजले. १९९२ साली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा तिच्या माहेरच्या गावी ईदगाहवर जाताना पाय भाजत होते आणि परतताना बायका वाटेतल्या झऱ्यावर थांबत असत. तो झरा आता आहे का, हे तिला सांगता आले नाही. आणि पुन्हा जुलैत, पावसाळी ईद? आम्ही हिशेब केला: २०४७. धाकटा तेव्हा एकतीस वर्षांचा असेल. हे ऐकून तो जो काही संतापला, तो आमच्यावर की चंद्रावर ते कळले नाही.

तेवढे थांबायची गरज नाही. २०२५ साली मीलाद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला होता. तेव्हा माळशेजला पाणी असते आणि जुलै-ऑगस्टइतकी झुंबड नसते. ज्यांना पावसाळ्यात जायचे आहे त्यांनी निघण्याआधी एक पाहावे: अपघात होतात म्हणून ठाणे जिल्ह्यात धबधब्यांवर आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, मुरबाड-शहापूरमध्येही. आदेश असेल तर पोलीस गाडी परत पाठवतात. आणि त्याची नाराजी मुलांना आधीच सांगून ठेवलेली बरी. घाटात दरडीचाही धोका असतो, त्यामुळे कड्याखाली गाडी लावून बसू नये.

उन्हाळ्यात जायचे असेल तर सकाळी दहाच्या आत घाट गाठावा. कडे, नाणेघाटाचा अंगठा आणि भैरवगड तेव्हाच नीट दिसतात, नंतर उन्हाची धूसर येते. पळस पाहायचा असेल तर मार्चच्या आधी, करवंदे हवी असतील तर मेमध्ये. टोकावड्याच्या पुढे हॉटेल, टपरी उघडी असेलच असे धरू नये. माकडांसमोर डबा उघडू नये. पिण्याचे आणि वजूचे पाणी घरून न्यावे, आणि मोजून लागेल त्याच्यापेक्षा एक जार जास्तीचा.